लतामावशीची खसखस

श्रमिकनगरात मध्यंतरी अशी कुजबुज होती, की लताबाई पाळणाघरातल्या पोरांना अफू चारते.

मोठ्याने कुणी बोलायचं नाही. गिरणीत दळण ठेवताना, भाजीच्या गाडीपाशी, जिन्यात एकमेकींचा रस्ता अडवून, आवाज खाली आणून. "आपल्याला काय करायचंय म्हणा," अशी सुरुवात व्हायची. आणि ज्या गोष्टीशी आपल्याला काही करायचं नसतं, ती सातपुरात किती वेगाने पळते हे काय सांगायला हवं? कंपन्यांची पहिली पाळी सुटेपर्यंत ती पार अशोकनगरच्या स्टॉपला पोचून बसची वाट बघत उभी असायची.

बरं, पुरावाही तगडा होता. जी पोरं घरी मोबाइलवर कार्टून लावल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, तीच लताबाईकडे मांडी घालून भाकरी खातात. ताट फेकणं नाही, भोकाड पसरणं नाही. घरी आल्यावर रात्री आपल्या पायांनी अंथरुणात जातात. आता आजच्या काळात चार वर्षांचं पोर न सांगता झोपतं म्हणजे त्याला काहीतरी दिलेलंच असणार, हे कुठल्याही शहाण्या माणसाला पटावं. त्यात वत्सलाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. लताबाईच्या ओट्यावर खसखशीची पुडी! खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. पूर्वीच्या बायका तान्ह्या पोराला अफू चाटवून शेतावर जायच्या, हे ऐकलं नाही असं कोण होतं?

वत्सलाबाई कोण, तर लताबाईची समोरची शेजारीण. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांच्या सुनेने नातवाला आजीपाशी न ठेवता समोर लताबाईकडे ठेवलं होतं. नातवाचं नाव संघर्ष. आजी सांभाळायची तेव्हा त्याच्या हातात मोबाइल आणि आजीच्या हातात रिमोट, अशी दोघांची सुखाची वाटणी होती. ती सुनेने मोडली. तो राग खसखशीच्या पुडीत बसला, आणि खसखशीचे दाणे म्हणजे काय, एकदा सांडले की सगळीकडे पसरतात.

लताबाई मूळची सायखेड्याची. गोदेच्या काठावरचं गाव, घरात माणसांचा बाजार, पंगतीत आधी कोण आणि मागून कोण हे पोराटोरांनासुद्धा ठाऊक. लग्न होऊन सातपुरात आली ती दोन खोल्यांत. नवरा ज्ञानेश, एका कंपनीत मेंटेनन्सला. परदेशी मशीन अडून बसलं की साहेब लोक ज्ञानेशला घरून उचलून नेतात, असा त्याचा हात. घरात मात्र नळ गळो, पंखा कुरकुरो, शेगडी रुसो, त्याचं उत्तर ठरलेलं: "रविवारी बघतो." लताबाईच्या संसारात रविवार पुष्कळ आले, पण तो एक रविवार काही उगवला नाही.

पाळणाघर तिने काढलं असं म्हणणंही खोटंच. गल्लीतल्या एका नर्सबाईंनी एक दिवस आपलं तान्हं तिच्या मांडीवर दिलं, "तासाभरात येते" म्हणाल्या आणि ड्यूटी करून संध्याकाळी उगवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मग दुसरी आली, तिसरी आली. लताबाईची लेक सृष्टी याच गोतावळ्यात वाढली, शिकली, आणि आता पुण्यात मोबाइलमध्ये चालणारी कसली कसली ॲप बनवते. म्हणजे जगातल्या पोरांना मोबाइल लावायला लेक, आणि सोडवायला आई. एकाच घरातून दोन्ही धंदे.

आणि लताबाई काही मोबाइलची वैरीण नव्हती बरं का. दुपारी पोरं झोपली की ती स्वतः कोपऱ्यात बसून मोबाइलवर मालिका बघायची आणि त्यातल्या सासूला अशा शिव्या द्यायची, की समोरच्या दाराला कान लावून बसलेल्या वत्सलाबाईंना वाटावं, आपल्यालाच चाललंय.

तर अशा या घरात पूजाचा रुद्र आला. पूजा एका ऑफिसात हिशेब बघायची, नवरा अमोल पाळीवर. रुद्र चार वर्षांचा. घरी त्याचं जेवण म्हणजे एक समारंभच असायचा: समोर मोबाइल, मागे वाटी घेऊन आई, आणि व्हिडिओत जाहिरात आली की तोंड बंद. पहिल्या दिवशी लताबाईकडे त्याने ताट भिरकावलं आणि मोबाइल मागितला. लताबाई ओरडली नाही, की सोन्या-राजा केलं नाही. ताट उचलून जागेवर ठेवलं आणि म्हणाली, "ही तुझी जागा. भूक लागली की ये." रुद्र दाराकडे तोंड करून बसला. मागे भाकरीचा वास, पोरांचा कालवा. त्या दिवशी तो केळं खाऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी सरकत सरकत ओळीत आला.

पूजाला हे सांगूनही पटेना. पोर सुधारलं याचा आनंद व्हायचा सोडून तिला धडकी भरली. त्यात गिरणीत खसखशीची बातमी कानावर आली. तिने तडक रुद्रला डॉक्टरांकडे नेलं आणि रक्त तपासायला सांगितलं. डॉक्टरांनी पोराचं पोट दाबलं, जीभ बघितली आणि आईचं बीपी घेतलं.

इकडे लताबाईच्या कानावर सगळं आलं होतं. अशी बातमी जिच्याबद्दल असते तिला सर्वात शेवटी कळते म्हणतात, पण भाजीवाला लताबाईचाही होता. दोन घरांनी "गावाला जातोय" म्हणून पोरं काढून घेतली आणि गावाला न जाता ती गल्लीतच खेळताना दिसली. आता पूजाने रुद्रला काढलं, की बाकीच्या आया तिच्यामागे निघणार, हे लताबाईला दिसत होतं. पाळणाघर बंद पडेल, घर सुनं होईल, आणि एवढी वर्षं लोकांची लेकरं पोटच्यासारखी सांभाळलेल्या बाईच्या नावावर अफूचा शिक्का राहील. ज्ञानेश म्हणाला, वत्सलाबाईंशी एकदा बोलायला पाहिजे. रविवारी बघतो.

लताबाई भांडायला गेली नाही. तिने फक्त खसखशीची पुडी डब्यातून काढून ओट्यावर, दारातून सरळ दिसेल अशी मांडली.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पूजा अर्धी सुट्टी टाकून ऐन जेवणाच्या वेळेला दारात उभी राहिली. म्हणाली, सहजच आले, बसू का थोडा वेळ. सहज म्हणताना तिचे डोळे ओट्यावर फिरत होते, आणि पुडीपाशी येऊन थांबले.

"बस की," लताबाई म्हणाली. "पण खुर्ची नाय मिळायची. ओळीत बस, रुद्रच्या शेजारी."

सतरंजीच्या पट्टीवर पोरं बसली होती. वांग्याचं भरीत आधीच ताटात होतं, पण त्याला कुणी बोट लावत नव्हतं. लताबाईने तवा चढवला, भाकरी थापली. इथला नियम असा, की भाकरी एका वेळी एकच होणार. ज्याची पाळी त्याच्या हातात ती पडणार. त्याने ती मोडून ओळीतल्या प्रत्येकाला तुकडा द्यायचा आणि स्वतः शेवटचा घ्यायचा. पुढच्या भाकरीला पुढचा. त्यामुळे तव्यावर सगळ्यांचा डोळा. भाकरी जाळावर गेली की निम्मी पोरं म्हणणार फुगणार, निम्मी म्हणणार नाय फुगणार, आणि ती टम्म झाली की हरलेलेसुद्धा टाळ्या पिटणार. तोवर कुणी कुणाची वेणी ओढतंय, कुणी गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतंय, कुणी नुसतंच बसलंय. नुसतं बसलेलं पोर पूजाने बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

दुसरी भाकरी तव्यावर असताना पूजाच्या पर्समध्ये काहीतरी थरथरलं. तिने सवयीने मोबाइल काढला, बघितला, बघताबघता अंगठा वर सरकवू लागली. ओळ एकदम चिडीचूप झाली. हनीफ गॅरेजवाल्याची झेबा, वय पाच, कमरेवर हात ठेवून लताबाईला म्हणाली, "मावशी, ह्या नवीन मुलीला नियम सांगितला नाही का तुम्ही?"

पूजा लाल झाली. मोबाइल पर्समध्ये गेला, पर्स पाठीमागे गेली. लताबाईने हसू दाबायला तोंड तव्याकडे फिरवलं.

तिसरी भाकरी रुद्रची होती. फुगली. गरम भाकरी ताटात पडताच पूजाचा हात पुढे झाला, पोराला चटका बसेल म्हणून.

"थांब, आई," रुद्र म्हणाला. "आधी झेबा, मग संघर्ष, मग बाकीचे. तू नवीन आहेस ना."

फुंकर घालत, बोटं झटकत त्याने भाकरी मोडली. एकेकाला तुकडा दिला, मग आईला दिला. शेवटी त्याच्या वाट्याला काठाचा, करपलेला, सगळ्यात लहान तुकडा उरला. तो त्याने भरताला लावून मिटक्या मारत खाल्ला आणि पुन्हा तव्याकडे बघत बसला.

पूजा हातातल्या तुकड्याकडे बघत राहिली. घरी ज्याच्यामागे ती वाटी घेऊन पळायची, त्याने तिला वाढलं होतं. लताबाईने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि काही बघितलंच नाही असं करून पीठ मळत राहिली.

निघताना पूजाने चपलेत पाय घालता घालता विचारलंच, "मावशी, ती खसखस कशाला हो?"

"अनारशांना. दिवाळी आली ना गं." लताबाईने पुडी उचलून तिच्या हातात दिली. "वास घे, चाखून बघ. आणि मग जिथं ऐकलंस तिथं सांग, मीपण मावशीकडं जेवून आले."

पूजाने सांगितलं. गिरणीत सांगितलं, ऑफिसात सांगितलं, आयांच्या ग्रुपवर तर एवढं लांबलचक सांगितलं, की वाचायला दोन चहा लागावेत. घरी तिने त्याच रात्री मोबाइल कपाटावर ठेवले. रुद्र थोडा कुरकुरला. खरी आदळआपट अमोलने केली, कारण क्रिकेटचे तुकडे बघितल्याशिवाय त्यालाही घास जात नव्हता, हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. चारआठ दिवसांत दोघंही वळणावर आले. थोरला जरा उशिरा.

गावाला गेलेली पोरं गल्लीतूनच परत आली. दिवाळीला लताबाईने फराळाचं ताट सगळ्यांकडे पाठवलं. वत्सलाबाईंच्या ताटात अनारसे जास्त होते आणि त्यांच्यावर खसखस अगदी सढळ हाताने लावलेली. वत्सलाबाईंनी ते चवीने खाल्ले आणि दुपारच्या ज्या आडव्या झाल्या, त्या दिवेलागणीला उठल्या. आता खसखशीचं काही सांगता येत नाही म्हणा.

अफूची बातमी मेली आणि तिच्या जागी दुसरी उठली, की लताबाईकडे मुलं घडवायची एक खास पद्धत आहे. गंगापूर रोडच्या गाडीवाल्या आया ती बघायला येऊ लागल्या. मुलांना वाट बघायला शिकवण्याचा हा म्हणे फार विचारपूर्वक केलेला प्रयोग. शेवटी कॉलेज रोडच्या एका महिला मंडळाने तिला सभागृहात बोलावलं. लताबाई ठेवणीतली साडी नेसून गेली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, पण घाबरलीही नव्हती. म्हणाली, पोराला भूक लागली की ते खातं, पण आधी ती लागू द्यावी लागते. वाट बघायला लागली की पोरगं रडतं, मग गप्प होतं, मग आजूबाजूला बघतं. आजूबाजूला बघायला लागलं, की निम्मं काम झालं. आपण रडण्यालाच घाबरून मोबाइल देतो आणि पुढचं राहून जातं. बायकांनी हे लिहून घेतलं.

मग एका बाईंनी उभं राहून विचारलं, की एका वेळी एकच भाकरी, ही कल्पना तुम्हाला मुळात सुचली कशी?

लताबाईची नजर मागच्या बाजूला गेली. शेवटच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून ज्ञानेश बसला होता. त्याने मान खाली घातली आणि तो आपल्या बुटांकडे फार लक्ष देऊन बघू लागला.

"आमच्या सायखेड्याचं वळण," लताबाई म्हणाली, आणि टाळ्यांत खाली बसली.

खरी गोष्ट अशी, की पाळणाघर सुरू झालं त्याच वर्षी लताबाईच्या शेगडीचा डावा बर्नर बंद पडला होता. ज्ञानेश तो रविवारी बघणार होता.