अंगी लागलं

आमच्या मुलुंडच्या इमारतीतले खालचे शेजारी मेंढ्यांच्या आहारावर संशोधन करतात. चाऱ्यातून पोटात गेलेल्या नायट्रोजनमधून लेंड्या आणि मुतातून बाहेर पडलेला वजा करायचा. उरला तो अंगी लागला. लग्नात जेवून उठलेल्यालाही ते विचारतात, “अंगी लागलं का?”

आजारपणानंतर आईचं जेवण तुटलं, वजन उतरत चाललं. ते म्हणाले, “काकू, तेवढंच जेवण दिवसातून सहादा, थोडं थोडं घ्या. तसं दिलं की आमच्या मेंढ्यांच्या जास्त अंगी लागतं.”

“मेल्या, मी काय मेंढी?” म्हणत आईने वाटीभर पेज घेतली.

आता वजनाचा काटा पुन्हा वर सरकतोय. काल चारची वाटी द्यायला मला उशीर झाला, तर आतून आवाज आला, “बॅऽऽ!”

दारातच उभे असलेले शेजारी खूश होऊन म्हणाले, “लागलं, अंगी लागलं!”