खांद्यावरचा हात

हिची व्हीलचेअर ढकलताना आज औषधाच्या दुकानाच्या काचेत मी स्वतःला पाहिलं. समोरून सोसायटीतल्या बायका आल्या, तसा माझा हात आपोआप पुढे झाला, हिची शाल सारखी करून खांद्यावर विसावला.

"काकू, नशीब काढलंत हो!"

ही हसली. त्या पुढे गेल्यावर हलकेच म्हणाली, "अहो, गेल्या त्या. काढा आता हात."

घरात मी हिच्याशी धड दोन शब्द बोलत नाही. हे तिने कधी कुणाला कळू दिलं नाही. माझं चांगलं नाव तीच सांभाळत आली. चांगलं दिसण्याचाही शीण येतो, आणि तो तिने माझ्याहून जास्त सोसला.

मी हात तसाच ठेवला. "गार वारा आहे," म्हणालो.

तिने मान वळवून रस्ता पाहिला. "आणखी कोण येतंय?"