कमठाण्याचा गळा

कमठाण्याच्या जगदेवीशी वाकडं घेऊ नये, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण श्रीमंत नावाचा हा गडी पडला लातूरचा, त्याला कोण सांगणार?

बिदरात त्याचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. दोन हजार पाच साली त्यानं जगदेवीकडून बिरोबाची गाणी गाऊन घेतली. पुढं भाचीच्या लग्नात ती गायला बसली, तर बायका म्हणाल्या, "अक्का, ऱ्हाऊ द्या. धनलक्ष्मीची सीडी लावा. ती हेच गाणं लई गोड म्हणती."

सीडी लागली. आवाज कोवळ्या पोरीचा, पण दम घ्यायची जागा न् जागा जगदेवीची! बाई दुसऱ्याच दिवशी तडक बिदरला गेली.

श्रीमंतला लाज कसली? त्यानं कॉम्प्युटरवर करूनच दाखवलं. माउस सरकवला की पन्नाशीचा जाड गळा वर चढायचा, पातळ व्हायचा, सोळा वर्षांची पोर गायला लागायची. सीडीवर नाव आणि फोटो त्याच्या पुतणीचा, धनलक्ष्मीचा.

"म्हातारीचा आवाज कोण घ्यायलंय? दुसऱ्या भागाला या," तो म्हणाला.

जगदेवीच्या अंगाची लाही लाही झाली. "येते की, अण्णा," ती गोड हसून म्हणाली.

या वेळी तिनं कानडी पद गायलं, स्वतः रचलेलं. काका-पुतणीला कानडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. श्रीमंतनं पडद्यावरचे आकडे तपासले, आवाज चढवला. "देवाचं पद हाय न्हवं?" त्यानं विचारलं. "व्हय," जगदेवी म्हणाली. धनलक्ष्मीनं शब्द पाठ केले.

हुलसूरच्या जत्रेत पोर नटूनथटून स्टेजवर आली. सीडी सुरू, ओठ सुरू. हात जोडून, पातळ गोड आवाजात ती कानडीत सांगू लागली: तोंड माझं, गळा दुसऱ्या बाईचा; काका माझा चोर, मी चोराची पुतणी.

आधी मागच्या बायका फिसकन हसल्या, मग सगळं मैदान. पोर आणखीच मुरकली. आणि श्रीमंत टाळ्या वाजवत होता, हो! शेजारच्यानं कानात अर्थ सांगितला, तेव्हा कुठं तो धावला आणि सीडी बंद केली.

पण गाणं थांबेना. पुढच्या रांगेत जगदेवी उभी राहून आपल्या जाड गळ्यात तेच पद म्हणत होती. आता त्यात तिचं नाव होतं, गावाचं होतं, श्रीमंतचंही होतं.

"अक्का, पाया पडतो. पोरीचं लग्न मोडंल!"

"माझ्या भाचीच्या मांडवात माझंच तोंड बंद केलंस," जगदेवी म्हणाली. "आता गप ऐक."

आणि तिनं पद पुन्हा पहिल्यापासून धरलं.