गाडी कोण चालवत होतं?

धुळ्यात आमच्या गल्लीत गाड्या बऱ्याच, पण मागायची वेळ आली की सगळे नानांकडेच जायचे. नाना म्हणजे समोरच्या घरातले, सत्तरी ओलांडलेले, एकटे राहणारे. त्यांनी चावीला कधी नाही म्हटलं नाही. आत्याला साक्रीला सोडायला मीही त्यांचीच गाडी नेली आणि परतताना रिव्हर्स घेताना थेट कडुनिंबावर घातली. डिकी चेपली, मागचा दिवा फुटला. झाड जागचं हललं नाही.

गाडी नानांची, विमा नानांच्या नावावर आणि पराक्रम माझा. आता कंपनी एक पैसा देणार नाही, असं गल्लीतल्या झाडून सगळ्या जाणकारांनी सांगितलं. नानांच्या पेन्शनीतून माझी चूक भरली जाणार, हे मला पटेना. मी भरते म्हटलं, तर नाना रागावले. त्यांनी तोडगाही काढून ठेवला होता.

"सांगी दे, गाडी मीच चालाडी राहिंथू."

माझा स्वभाव तापट, पण खोटं बोलायचं म्हटलं की माझी बोबडी वळते. तरी नानांपुढे मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कंपनीचा सर्व्हेअर आला. त्याने फोटो काढले आणि गाडी कोण चालवत होतं, असं विचारलं. नाना खिशातून लायसन्स काढत पुढे झाले. मला राहवलं नाही. मी चालवत होते, मी म्हणाले, आणि माझं लायसन्स त्याच्या हातात कोंबलं.

सर्व्हेअरने ते शांतपणे पाहिलं. मालकाची परवानगी आहे आणि चालवणाऱ्याचं लायसन्स चालू आहे, मग काही अडचण नाही, विमा गाडीचा असतो, म्हणाला. एवढ्यासाठी माझी झोप उडाली होती. मग त्याने नानांचं लायसन्स उलटसुलट करून पाहिलं आणि हसला. आजोबांनी चालवली असं लिहून दिलं असतं, तर क्लेम गेलाच असता. त्या लायसन्सची मुदत संपून तीन वर्षं झाली होती.

परत येताना रिक्षात मी नानांना चांगलंच झापलं. लायसन्स का नाही वाढवलं, म्हणून विचारलं.

"डोया साथ देतस नही आते. उभी गाडी देखवत नही, म्हनीसन बठ्ठासले देस."

डोळे साथ देत नव्हते आणि गाडी नुसती उभी बघवत नव्हती, म्हणून ते ती सगळ्यांना देत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. माणूस इतका जवळ राहतो आणि आपल्याला पत्ता नसतो, याची लाज वाटली. तीन वर्षांत गाडी पाचोऱ्याला, जळगावला, कुणाकुणाच्या लग्नांना जाऊन आली होती. मग तुम्ही स्वतः कुणाबरोबर कुठे गेलाच नाहीत का, मी विचारलं.

नाना म्हणाले, "कोनी इचारंच नही."