पिशवी ठेवायची की नाही

"पिशवीच काढून टाका की, डॉक्टर. आमच्यात लई जणींची काढलीया. काय अडतंय?"

निपाणीच्या सुनंदाआक्का माझ्या बेळगावच्या ओपीडीत सुनेचा, श्वेताचा, हात घट्ट धरून बसल्या होत्या. श्वेताच्या गर्भाशयाच्या तोंडाला कॅन्सर होता. स्टेज सुरुवातीची, गाठ लहान. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूल नाही. नातवंडासाठी हटून बसणाऱ्या सासवा मी पुष्कळ पाहिल्यात. इथं उलटाच प्रकार.

"आत्ती, मला मूल पायजे," श्वेता म्हणाली.

"आदी तू जगायला पायजेस गं!"

दोघींचंही खरं होतं. मी कागदावर चित्र काढून समजावलं. फक्त तोंड आणि आजूबाजूचा थोडा भाग काढायचा. पिशवी ठेवायची, आणि पुढे गर्भ टिकावा म्हणून तिला खाली टाका घालायचा. मूल होईलच अशी खात्री नाही, पण वाट उघडी राहते. ऑपरेशन रोबोटिक.

"मशीनच करतंय व्हय समदं?"

"नाही हो. हात माझेच. मशीन फक्त ते बारीक जागी पोचवतं."

एक अट होती. फ्रोझन सेक्शन, म्हणजे काढलेला तुकडा गोठवून ऑपरेशन चालू असतानाच तपासणं. तुकड्याच्या कडेला किंवा जवळच्या लिम्फ नोड्समध्ये कॅन्सर दिसला, तर पिशवी ठेवायचा बेत रद्द. श्वेतानं सही केली.

आदली केस लांबली आणि श्वेताचा नंबर दुपारी लागला. तुकडे लॅबला पाठवून मी हात बांधून बसले. ही वाट बघणं मला अजून जमत नाही. शेवटी पॅथॉलॉजिस्टचा फोन आला, "नोड्स क्लिअर. कडाही क्लिअर." मला इतका आनंद झाला की सिस्टर हसायला लागल्या.

टाका घालून बाहेर आले तेव्हा दिवे लागले होते. बाकावर आक्का, शेजारी न उघडलेला डबा.

"पिशवी ठेवली, आक्का. गाठ निघाली. आता जेवून घ्या."

"आता कुठलं? दिवस बुडाला की. कळल्याबिगर घास उतरंना." आक्का डोळे पुसत हसल्या. जैन घर, सूर्य मावळल्यावर जेवण नाही.

पुढच्या तपासण्या स्वच्छ येत गेल्या आणि श्वेताला दिवस राहिले. टाक्यामुळे सिझेरियनच करावं लागणार होतं. ते करणाऱ्या मैत्रिणीला मी बजावलं, "सकाळची पहिली केस लाव."

सिझेरियनच्या दिवशी दुपारी भेटायला गेले. नात आक्कांच्या मांडीवर, डबा तसाच बंद.

"आक्का, अजून ऊन आहे. जेवा की!"

"जेवू कशी? हिला कुठं ठेवू?"

निपाणीकडच्या केसेस मी आता सकाळीच लावते. आक्कांच्या जेवणाची जबाबदारी मात्र घेत नाही.