पाठ न लागू देण्याची युक्ती

देवासच्या दरबारात मी इंग्रजी पत्रव्यवहाराचा कारकून होतो. संस्थान विलीन झालं तेव्हा मला नव्या सरकारी कचेरीत टेबल मिळालं, पण दरबारच्या पैलवानाचा खुराक मात्र बंद झाला. दूध, तूप, बदाम सगळं एका हुकमासरशी गेलं. पैलवान आमच्याच गल्लीतला. एवढा थोरला देह आणि स्वभावानं अगदी गाय. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, मला ‘भिया’ म्हणायचा; आमच्याकडे भावाला तसंच म्हणतात. तो रोडावू लागला तसा मी चिडू लागलो, आणि चिडलो की मी पत्रं लिहितो. सिंगापूरकडे कुस्त्यांचे दौरे भरवणाऱ्या एका ठेकेदाराचा पत्ता मिळवला आणि त्याला इतकी पत्रं धाडली की शेवटी वैतागून तो हो म्हणाला. तीन महिने प्रदर्शनाच्या कुस्त्या, माणूस पसंत पडला तर दोन वर्षांचा करार.

निघताना आम्ही दोघं आखाड्यात वस्तादांच्या पाया पडलो. वस्ताद मला म्हणाले, “याची पाठ आजवर मातीला लागली नाही. तुमच्या भरवशावर धाडतोय.”

मी मॅनेजर म्हणून बरोबर गेलो, बिनपगारी रजा काढून. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

पोचल्यावर पहिल्याच दिवशी ठेकेदारानं गंमत सांगितली. तिथं कोण जिंकणार ते आधीच ठरतं. आमच्या पैलवानानं दर आठवड्याला चार दिवस जिंकायचं आणि शनिवारी तिथल्या लाडक्या मल्लाकडून हरायचं. मी ते पैलवानाला समजावून सांगितलं. तो वळकटी बांधू लागला.

“भिया, मार खाईन. नाचा म्हणाल तर नाचीन. पण पाठ लागू देणं मुझसे नहीं होगा. घर चलो.”

घरी खायला काय होतं ते मला ठाऊक होतं. मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिथल्या नियमांचं चोपडं वाचून काढलं. रिंगणाच्या दोरीबाहेर गेलेला मल्ल वीस आकडे मोजेपर्यंत परतला नाही, तर तो हरला. आमच्याकडे आखाड्याबाहेर गेलेली जोडी पुन्हा मध्ये आणून सोडतात, त्यात हार कसली?

“त्यानं धरलं की तू दोरीखालून उतर आणि उभा राहा,” मी म्हणालो.

“त्यात पाठ नाही ना लागत?”

“नाही.”

“मग चालेल.”

शनिवारी पकड बसताच तो दोरीखालून उतरला. एवढा पहाडासारखा गडी पळतो म्हटल्यावर लोक हसून बेजार झाले. ठेकेदार माझ्यावर इतका खूश झाला की त्यानं कराराचा कागद महिनाभर आधीच पुढे केला. दौरा संपल्यावर मी एकटा देवासला परतलो आणि वस्तादांना सांगितलं, पाठ लागली नाही. खोटं काहीच नव्हतं. माझ्या हुशारीची कथा मी कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ऐकवली.

दोन वर्षांनी पैलवान रजेवर आला, अंगानं चांगला भरून. ठेकेदाराचा नवा करार सहीसाठी माझ्या खिशात होता. नागपंचमीच्या दंगलीत त्याची कुस्ती धारच्या एका तरण्या गड्याशी लागली. त्या गड्यानं कंबरेला घट्ट पकड घातली आणि आमचा पैलवान सरळ चालत आखाड्याबाहेर गेला. दोघांना मध्ये आणलं. तो पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा कुणीतरी ओरडलं, “काय भिया, जहाज पकडायचंय का?”

त्याला कळेना आपण बाहेर का जातोय. त्यानं गर्दीत मला शोधलं आणि माझ्याकडे पाहिलं. वस्तादांनीही पाहिलं. मला तोंड लपवावंसं वाटलं. पकड बसली की बाहेर पडायचं, हे त्या पायांना मीच शिकवलं होतं.

वस्ताद उठले, आखाड्यात गेले, त्याचा हात धरून त्याला मध्ये उभं केलं आणि परत येऊन बसले. चौथ्यांदा पकड बसली. त्याचा एक पाय बाहेरच्या दिशेनं उचलला गेला, पण त्यानं तो परत मातीत रोवला. धारच्या गड्यानं त्याला उचलून सपशेल चीत केलं.

मी धावत गेलो. तो लाल मातीत उताणा पडून धापा टाकत होता, आणि हसत होता.

“भिया, ठेकेदाराला लिहून टाका, मी हरलो. सच्ची.”

मी तसंच लिहिलं, आणि बिनसहीचा करार त्याच पाकिटात घालून परत धाडला.