साचेखात्यातली धामण

संपानंतर बंद पडलेल्या परळच्या गिरणीत रान माजलं होतं. बाबा वारल्यावर, ते जिथे कापड विणायचे ते साचेखातं बघायला मी गेले. म्हातारा रखवालदार काठी आपटत पुढे चालला होता.

अचानक त्याने न बोलता मागे तळहात उभा धरला आणि बोटं झटकन मिटली. मी जागीच थांबले. गंजलेल्या साच्याखालून एक लांबलचक धामण सावकाश गवतात गेली.

"तुला खूण कशी समजली गो? साच्यांच्या खडखडाटात आमी असंच बोलायचो."

"बाबासुद्धा दारातून हातानंच विचारायचे, जेवलीस का म्हणून."



फाटकापाशी मी मागे पाहिलं. त्याने लांबूनच हातानं विचारलं, जेवलीस?

मी हातानंच खोटं सांगितलं, हो.